नवा क्लच टाकला तरी गिअर खरखरतोय? गिअरबॉक्स लगेच उतरवू नका

जुन्या ट्रकला नवी क्लच प्लेट टाकली, आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र! मिस्त्री म्हणाला, "परत उतरवूया." चिरे भरायला गाडी खाणीवर जायची होती, म्हणून आधी खाली वाकून बघितलं. दोष पाइपातल्या हवेचा निघाला. हायड्रॉलिक क्लच (पेडलचा जोर पाइपातल्या ब्रेक ऑइलने पोचतो तो) असेल तर हे करून बघा.

१. चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून गिअर टाका. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर क्लच दाबूनही अडतात, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही.

२. इंजिन बंद. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरचा दांडा बघायचा. दोन-तीनदा पंप केल्यावरच तो नीट सरकतो? मग हवा आहे. त्या सिलिंडरच्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवा. पेडल दाबून धरा, निपल सैल करा, पुन्हा आवळा, मगच पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरच्या डबीतलं ऑइल मध्येच संपलं तर पुन्हा श्रीगणेशा.

३. दांडा पूर्ण सरकूनही गिअर अडतो? प्लेट उलटी बसली असेल किंवा वाकली असेल. मग उतरवणं आलंच.

ब्रेक ऑइल मात्र सीलबंद बाटलीतलंच घ्या. उघडी बाटली आपल्या दमट हवेत पाणी शोषते. आणि इंजिन ऑइल चुकूनही ओतू नका, रबरी सील फुगतात.