चॅनल प्रेडिक्शन करायचंय? आधी डॉपलर काढा

चॅनल प्रेडिक्शन म्हणजे टॉवर आणि फोनमधला रेडिओ-दुवा (चॅनल) पुढच्या क्षणी कसा असेल याचा अंदाज. त्यासाठी ‘एलएसटीएम घेऊ की ट्रान्सफॉर्मर?’ (दोन्ही न्यूरल नेटवर्कचे प्रकार) असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: पायलट (चॅनल मोजण्यासाठी पाठवलेला ओळखीचा सिग्नल) किती वेळाने येतो आणि फोन किती वेगात आहे?

वेग गुणिले कॅरियर फ्रिक्वेन्सी, भागिले प्रकाशाचा वेग, म्हणजे कमाल डॉपलर, हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा जास्तीत जास्त फरक. ३.५ गिगाहर्ट्झवर, ताशी ६० किलोमीटरला तो साधारण १९४ हर्ट्झ येतो. जेक्सच्या मॉडेलनुसार (सिग्नल चहूबाजूंनी सारखाच येतो असं ते धरतं) जेमतेम दोन मिलिसेकंदांत चॅनलचा आधीच्या मोजमापाशी असलेला सहसंबंध शून्यावर येतो; तेवढ्यात फोन सव्वातीन सेंटीमीटरच सरकलेला असतो. तरी अंदाज बांधता येतो, कारण सिग्नल ज्या अनेक मार्गांनी येतो त्यांतल्या एकेका मार्गाचा डॉपलर त्याहून बराच जास्त काळ टिकतो आणि मागची दहा-वीस मोजमापं एकत्र पाहिली की तो सापडतो. मात्र पायलटमधलं अंतर २.५ मिलिसेकंदांच्या आतच हवं. दर ५ मिलिसेकंदांनी पायलट येत असेल तर एलियासिंग होतं, म्हणजे विरळ मोजमापांमुळे वेगवान बदल भलताच संथ भासतो, आणि मग कितीही थरांचं नेटवर्क आणा, व्यर्थ.

डेटा थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या ३८.९०१ अहवालातल्या सीडीएल या चॅनल-मॉडेलवरून तयार करा. सिओना या सॉफ्टवेअर लायब्ररीत ती मॉडेल्स आयतीच मिळतात. इनपुटमध्ये नॉइज मिसळा, टार्गेट मात्र स्वच्छ ठेवा. नॉइजशिवाय शिकवलेलं मॉडेल खऱ्या रिसीव्हरवर तोंडघशी पडतं. फेज थेट देऊ नका, तो +१८० अंशांवरून एकदम −१८० वर उडी मारतो. रिअल आणि इमॅजिनरी भाग वेगवेगळे द्या.

ट्रेन-टेस्ट विभागणी करताना खिडक्या (मॉडेलला एकावेळी दिलेले सलग मोजमापांचे तुकडे) पिसू नका. शेजारच्या खिडक्यांत तीच मोजमापं असतात, त्यामुळे परीक्षेआधीच पेपर फुटतो. अख्खा प्रवासमार्गच टेस्टसाठी बाजूला काढा.

आता नेटवर्क? अजून नाही. आधी ‘शेवटचं मोजमाप तेच पुढचं’ आणि त्यानंतर ऑटोरिग्रेसिव्ह फिल्टर (मागच्या मोजमापांना वजनं देऊन पुढचं काढणारा), या दोघांचा एनएमएसई, म्हणजे चॅनलच्या ताकदीच्या तुलनेत चूक किती, तो डेसिबलमध्ये मांडा. दुसरा आकडा बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा चांगला निघतो, आणि अनेक निबंधांत नेमका तोच गायब असतो! मग एका थराचा छोटा जीआरयू (एलएसटीएमसारखंच पण साधं नेटवर्क) घ्या आणि त्याला फिल्टरच्या उत्तरात उरलेली चूक तेवढी शिकवा.

निकाल सरासरीत देऊ नका, प्रत्येक वेगाचा आणि एसएनआरचा (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराचा) वेगळा द्या. मॉडेल चालायला लागणारा वेळही मोजा. दोन मिलिसेकंद पुढचा अंदाज द्यायला मॉडेल तीन मिलिसेकंद घेत असेल, तर तो हाती येईपर्यंत पुढचा पायलट येऊन गेलेला असेल.