खेळण्यातला अनोळखी डायनासोर कुठल्या कंपनीचा, कधीचा हे ओळखायला निघालात? आधी पट्टी घ्या

पट्टी. शाळेतली, पंधरा सेंटीमीटरची, मिलिमीटरच्या रेघा न पुसलेली. पिशवीत बाकी काहीही टाकण्याआधी ती टाका आणि मग पुढचं वाचा. मागच्या वेळी मी भिंग नेलं, टॉर्च नेला, पाण्याची बाटलीसुद्धा नेली, आणि पट्टी टेबलावर राहिली. पोटाचे, पाठीचे, दातांचे छान फोटो काढले. जाणकारांना दाखवले, तर पहिला प्रश्न आला: लांबी किती? तोवर ज्यांच्या पेटाऱ्यातला तो माल होता ते कुटुंब पोर्तुगालला परत गेलं होतं आणि घराला कुलूप लागलं होतं. तो हिरवा स्टेगोसॉरस कुणी बनवला ते अजून कळलेलं नाही, बेवारशीच आहे.

मोबाइल सगळेच नेतात, त्यावर बोलत नाही. टॉर्च मात्र वेगळा हवा, कारण मोबाइलचा दिवा लेन्सच्या शेजारीच असतो आणि समोरून पडलेल्या उजेडात कोरलेली अक्षरं दिसतच नाहीत. उजेड बाजूने, जवळजवळ आडवा पडायला हवा. भिंग. जुना मऊ टूथब्रश. टाल्कम पावडरची लहान डबी, पातळ कागद, पेन्सिल. शिवणाचा दोरा वीतभर नको, चांगला हातभर. झिपच्या पिशव्या, प्रत्येक डायनासोरला एक, कारण पेटाऱ्यात सुटा पडलेला पाय किंवा जबडा कोणाचा हे घरी येऊन कळत नाही. आणि पट्टी. शिंप्याची टेप असेल तर उत्तमच, पण पट्टीऐवजी नव्हे, पट्टीसोबत.

कुठे जाणार तेही आधी ठरवा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, हणजुणेचा बुधवारचा, चर्चच्या फेस्ताची फेरी, जत्रेतले गाडे या सगळीकडे डायनासोर मिळतात, पण बहुतेक नवे आणि पिशवीत डझनाने भरलेले. खरा माल गोव्यात घरांत आहे. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेले काका, गल्फमध्ये वीस वर्षं काढलेले मामा, लिस्बनला किंवा लंडनला गेलेले चुलते यांनी बॅगेतून आणलेली खेळणी माळ्यावर तशीच पडून असतात. म्हणून वस्तू हातात घेण्याआधी माणसाला विचारा. कोणी आणलं, कुठून आणलं, तेव्हा घरात लहान कोण होतं. "आठवत नाही" असं म्हणणाऱ्या आंटीला "बाब तेव्हा कितवीत होता?" असं विचारलं की साल बरोब्बर बाहेर येतं. ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. बाजारातला गाडेवाला "सगळे मेळून शंबर दी" म्हणतो तेव्हा इतिहास विचारण्यात अर्थ नसतो, तिथे सरळ उलटं करून पोट बघा.

धुवू नका. घरी येऊन लगेच बादलीत टाकायचा मोह होतो, कारण माळ्यावरची धूळ आणि पालींची लेंडी हाताला लागते. पण काही खेळण्यांवरचा शिक्का कोरलेला नसून नुसता छापलेला असतो, काहींच्या तळपायाला कागदी चिठ्ठी असते, आणि दोन्ही साबणाने जातात. आधी कोरड्या ब्रशने झाडा, फोटो काढा, मग धुवा.

आता कंपनीची खूण शोधणं, म्हणजे या कामाचा गाभा. पोट, तळपाय, शेपटीची खालची बाजू, मांडीची आतली बाजू, या क्रमाने बघा. तळपायावर आधी नुसता खरबरीत डाग वाटतो. त्यावर चिमूटभर पावडर चोळा आणि बोटाने पुसा. अक्षरं खोलगट असतील तर त्यांच्यात पांढरी रेघ उरते आणि एकेक अक्षर वर येतं. अक्षरं उठावाची असतील तर पावडर निरुपयोगी, तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. शाळेत नाण्याचा छाप काढायचो तसाच.

काय वाचायला मिळेल? "आम लिमेस ६९, डी-७३५२७" असा पत्ता दिसला तर तो श्लाइख, जर्मन कंपनी; पत्ता श्वेबिश ग्म्युंड गावचा. "पापो" म्हणजे फ्रेंच कंपनी, आणि त्यांचे डायनासोर २००५ पासूनचे. "ब्रिटिश म्युझियम (नॅचरल हिस्टरी)" असं लिहिलेलं, एकाच रंगाचं, गुळगुळीत असेल तर लंडनच्या संग्रहालयासाठी इन्व्हिक्टा कंपनीने केलेलं, ती मालिका १९७४ साली सुरू झाली. "कार्नेगी" हा शब्द असेल तर पिट्सबर्गच्या संग्रहालयाबरोबर सफारी कंपनीने १९८८ ते २०१५ काढलेली मालिका. अंगावर "जेपी" आणि पुढे आकडा असेल तर १९९३ च्या ज्युरासिक पार्कपासूनची केनर कंपनीची खेळणी. त्याच नावाखाली पुढे हॅस्ब्रोने आणि २०१८ पासून मॅटेलने माल काढला, तेव्हा नुसता सिनेमाचा लोगो बघून उड्या मारू नका. नुसतं "मेड इन हाँगकाँग" असेल तर बहुधा ऐंशीच्या दशकातलं किंवा त्याआधीचं, कारण नंतर कारखाने चीनच्या मुख्य भूमीवर सरकले. नुसतं "चायना" असेल तर दीर्घ श्वास घ्या, ते कोणाचंही असू शकतं. आयएसआय खूण असेल तर नवंच समजा. भारतात खेळण्यांना ती सक्तीची झाली १ जानेवारी २०२१ पासून.

आणि साल. खुणेतलं साल हे साच्याचं, कॉपीराइटचं साल असतं, तुमच्या हातातला नग त्या साली बनला असं नव्हे. १९८८ लिहिलेला डायनासोर पुढे कितीतरी वर्षं त्याच साच्यातून निघत राहतो. विकणारे नेमके हेच लपवतात आणि किंमत चढवतात.

खूण नसेल तर शरीर बघा. शेपटी जमिनीवर टेकवून कांगारूसारखा ताठ उभा असलेला टी-रेक्स जुन्या समजुतीचा. १९६९ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी डेनोनिकस या डायनासोरचं वर्णन केल्यावर हे प्राणी चपळ असावेत हा विचार जोर धरू लागला आणि पुढे खेळण्यांच्याही शेपट्या हळूहळू उचलल्या गेल्या. अंगावर पिसं असतील तर ते १९९६ नंतरचं धरायला हरकत नाही, त्या साली चीनमधून पिसांचा सायनोसॉरोप्टेरिक्स जगासमोर आला. स्पायनोसॉरसचे मागचे पाय आखूड असतील तर २०१४ नंतरचं, शेपटी वल्ह्यासारखी चपटी असेल तर २०२० नंतरचं. पण हा हिशेब एकाच बाजूने चालतो. नवीन गोष्ट दिसली तर "याच्या आधीचं नाही" एवढं कळतं. जुनी ढब दिसली म्हणून खेळणं जुनं ठरत नाही, स्वस्त माल करणारे आजही पन्नास वर्षांपूर्वीची ढब ओततात. पाठीवर शीड असलेला, चार पायांवर सरपटणारा प्राणी डायमेट्रोडॉन असतो आणि तो डायनासोरच नव्हे, तरी प्रत्येक पिशवीत तो असतोच. कपाळावर एकच बुटकं शिंग असलेला मांसाहारी दिसला तर थांबा. दोन शिंगांचा असेल तर कार्नोटॉरस, एकाचा असेल तर कदाचित राजासॉरस, नर्मदेच्या खोऱ्यातला, २००३ साली नाव मिळालेला. आपल्याकडचा म्हणून त्याचं मला जरा जास्त कौतुक आहे. (गोव्याचा म्हणू नका. इथले बहुतेक खडक डायनासोरांच्या कितीतरी आधीचे.)

पोटावर छापलेल्या प्राण्याच्या नावावर विश्वास ठेवू नका. स्वस्त मालात ब्रॅकिओसॉरसच्या पोटावर अलोसॉरस लिहिलेलं असतं.

पट्टी घेतलीत ना? आता ती कशाला ते सांगतो. गाजलेल्या मूर्तीची नक्कल करायची सोपी रीत म्हणजे मूळ मूर्तीवरूनच साचा काढायचा. प्लास्टिक थंड होताना आकसतं, त्यामुळे नक्कल मूळ मूर्तीपेक्षा थोडी लहान निघते. फोटोत दोन्ही हुबेहूब दिसतात, खवले खवल्याला जुळतात. पापोच्या टी-रेक्सच्या अशा नकला ढिगाने आहेत. फरक दिसतो तो फक्त मिलिमीटरमध्ये, आणि मिलिमीटर फक्त पट्टीवर. प्रमाणाचंही तेच. कार्नेगी मालिका कागदोपत्री १:४० ची, म्हणजे बारा मीटरचा प्राणी तीस सेंटीमीटरचा. इन्व्हिक्टाची १:४५. मोजल्याशिवाय हे काहीही वापरता येत नाही.

हातावर ठेवून फोटो काढू नका, तुमचा हात केवढा हे जगाला माहीत नाही. शेजारी रुपयाचं नाणं तर मुळीच ठेवू नका, रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांत आहेत. अगदीच नाइलाज झाला तर दहाचं दुरंगी नाणं, ते २७ मिलिमीटर असतं. पण नाइलाज व्हायला नकोच, पट्टी आहे ना.

मोजायचं दोनदा. एकदा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत. एकदा दोरा पाठीच्या कण्यावरून वळणावळणाने नेऊन, मग तो दोरा पट्टीवर ताणून. दोन्ही आकडे लिहा आणि कुठला कशाचा तेही लिहा, नाहीतर समोरचा सरळ लांबी धरतो आणि तुम्ही वळणाची सांगता. उन्हात गाडीच्या काचेपाशी पडलेल्याची शेपटी वाकलेली असते, तिथे दोऱ्याचाच आकडा खरा. शेपटी सरळ करायची असेल तर गरम पाण्यात बुडवून, वळवून, थंड पाण्यात धरा. पण हे सगळं मोजून झाल्यावर.

मग फोटो. दोन्ही कुशी, समोर, मागे, वर, खाली, खुणेचा वेगळा. खाली पांढरा कागद, व्हरांड्यातला उजेड, फ्लॅश बंद. कुशीच्या फोटोत पट्टी प्राण्याला चिकटून, त्याच पातळीवर. पुढे ठेवली तर मोठी दिसते, मागे ठेवली तर लहान, आणि परत भांडण. सांधे, स्क्रू, पोकळ की भरीव, दाबल्यावर आवाज येतो का, पोटात बॅटरीचं झाकण आहे का, हे एका ओळीत लिहा.

जाणकारांना विचारताना द्या फोटो, दोन्ही लांब्या, खूण जशी दिसली तशी (अर्धी अक्षरं असतील तर अर्धीच, स्वतःच्या मनाने पुरी करू नका), आणि घरातून मिळालेली हकिकत. किंमत विचारू नका, लगेच लोक सावध होतात. एकच उत्तर आलं तर थांबा, दुसऱ्याचंही घ्या.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अंगावर उतरते. मऊ प्लास्टिक आपल्या पावसाळ्यात चिकट होतं आणि कडक प्लास्टिकच्या डब्याला धरून बसतं, तेव्हा साधं सुती कापड गुंडाळा. नावाची चिठ्ठी चिकटवू नका, दोऱ्याने पायाला बांधा.