चियांग माईला राहून काम करायचंय? मग आधी हे वाचा

मी नाशिकची, नोकरी पुण्यातल्या कंपनीची, पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून दहा महिने राहिले थायलंडच्या उत्तरेला चियांग माईत. स्वस्त आहे का, तर आहेच, पण पैसे जातात ते भलत्याच ठिकाणी.

व्हिसाचं आधी. टुरिस्ट म्हणून जाऊन गुपचूप लॅपटॉप उघडणारे ढीगभर भेटतील, त्या भानगडीत पडू नका. जुलै २०२४ पासून डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) मिळतो, बाहेरच्या कंपनीचं काम तिथे बसून करणाऱ्यांसाठी, ५ वर्षांचा, एका एंट्रीला १८० दिवस, फक्त खात्यात ५ लाख बाथ दाखवावे लागतात (मी एफडी मोडली, आई आठवडाभर बोलत नव्हती). थाई कंपनीत नोकरी मात्र यावर करता येत नाही.

रूम इथून बुक करू नका, तिथे आठवडाभर हॉटेलात राहून पायी फिरून बघा. निम्मान हा एरिया भारी पण महाग, मी सांतिथाम एरियात ८ हजार बाथला घेतली. भाड्याच्या आधी विचारायचं ते विजेचं युनिट कितीला, कारण बऱ्याच बिल्डिंगा सरकारी रेटच्या वर आपला रेट लावतात आणि एप्रिलमध्ये रात्रभर एसी चालला की बिल बघून घाम फुटतो. दुसरं म्हणजे टीएम-३०. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, आमच्या मालकीणबाई "हो हो" म्हणाल्या आणि विसरल्या, पुढे ९० दिवसांच्या रिपोर्टच्या वेळी (दर ९० दिवसांनी आपण इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो) धावपळ झाली माझी. त्याच बाईंना मी करारावरची तारीख दाखवून म्हटलं, अहो हे २५६७ काय, चुकलंय, तर त्या हसतच सुटल्या. तिकडे बुद्धाचं वर्ष चालतं, ५४३ वजा करायचे. दुधावरची तारीखही तशीच असते बरं का.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात १७ आकड्यासारखं काहीतरी दिसेल, ते "जे". तिथे मांस-मासे सोडाच, कांदा-लसूणपण नसतो, थेट आपला चातुर्मास. बाकीकडे "माय साय नाम प्ला" म्हणा, फिश सॉस घालू नका, नाहीतर भाजीतही पडतो.

वेळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे दहाची मीटिंग साडेअकराला, सकाळ सगळी आपली. स्कूटर घेणार असाल तर आरटीओतून टू-व्हीलरचं इंटरनॅशनल परमिट काढूनच निघा, जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या रस्त्यावर पोलीस अडवतात.

आणि धूर! फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, त्यामुळे धूर हलतच नाही. माझ्या खिडकीतून रोज दिसणारा दोइ सुथेप डोंगर मार्चमध्ये सलग आठवडाभर गायब होता. जमलं तर तेवढे महिने दक्षिणेला जा, नाहीतर डिसेंबरातच प्युरिफायर घेऊन ठेवा. मी मार्चमध्ये घाबरून महागात घेतला आणि ऑगस्टमध्ये निघताना विकायला काढला तर भर पावसात कुत्रं विचारेना.