'नवा' शब्दाचं कूळ शोधताना या चुका टाळा

मराठी 'नवा', लॅटिन 'नोवुस', ग्रीक 'नेओस', जर्मन 'नॉय', रशियन 'नोवी', लिथुआनियन 'नौयास'. या विशेषणाचं गोत इतकं उघड दिसतं की नवशिक्यांना वाटतं, कान लावला की झालं. तिथेच घोळ होतो.

एका दिवाळी अंकासाठी आलेला लेख मी तपासत होतो. या 'नव'कुळाच्या शेजारीच लेखकाने इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद' ही जोडी मांडली होती. उच्चार जवळचा, अर्थ तोच. मी ती काढली, तर फोनवर अर्धा तास वाद. शेवटी त्यांना जुनं रूप दाखवलं: फारसीच्या आधीच्या पहलवी भाषेत हा शब्द 'वद' होता. मागे जावं तसे हे दोन शब्द जवळ यायला हवेत. इथे ते लांब जातात. 'नवा'चं उलट आहे. ग्रीक 'नेओस'मधला गळालेला 'व' मायसीनी लेखनात, म्हणजे ग्रीकच्या सर्वांत जुन्या लिखित रूपात, 'नेवो' असा सापडतो. म्हणून मी आजची रूपं जुळवतच नाही. प्रत्येक भाषेतलं सर्वांत जुनं रूप कागदावर एकाखाली एक लिहितो, आणि भाषाकुळाच्या तीन शाखांची साक्ष मिळाल्याशिवाय नातं मानत नाही. वेळ लागतो, लागू द्यावा.

दुसरी चूक मला जास्त सलते: 'हे सगळं संस्कृतातून गेलं.' भाषाभ्यासक विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं १७८६चं भाषण त्यासाठी पुढे करतात, पण या भाषांचा समान उगम कदाचित आज अस्तित्वात नाही, असं तो तिथेच म्हणाला होता, हे गाळतात. 'नेओस'मधला ए आणि ओ ग्रीकने जपले. संस्कृतात दोन्हींचा अ झाला. संस्कृत ही या घरातली थोर बहीण आहे. तिला आई ठरवून तिचा मान वाढत नाही.

युरोपात बोलतात म्हणून हंगेरियन 'उय' किंवा बास्क 'बेरी' (दोन्हींचा अर्थ नवा) या कुळात घालू नका.

फ्रेंच 'नफ'चे दोन अर्थ, नवा आणि नऊ, लॅटिनच्या दोन वेगळ्या शब्दांतून आलेत.

आणि कूळ एक म्हणून अर्थही एकच, असं धरू नका. फ्रेंच माणूस 'नूव्हेल' गाडी घेतो तेव्हा ती त्याच्यासाठी नवीन असते, कदाचित दुसऱ्याने वापरलेली. 'नव्ह' ('नफ'चं स्त्रीलिंगी रूप) गाडी म्हणजे आपल्याकडची कोरी करकरीत.