शाळेत ससा आणताय? आधी सुट्ट्यांचं बोला

पिंजरा, वाडगं, नावासाठी वर्गात मतदान, हे सगळं आपोआप होतं. तुम्ही आधी कॅलेंडर काढा. शनिवारी दुपारी सुटलेली शाळा सोमवारी सकाळी भरते, म्हणजे मध्ये 40 तासांहून जास्त. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. 12 तास त्यानं काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, की डॉक्टरकडे पळायचं. सोमवारपर्यंत वाट बघायची नाही. म्हणून रविवारीसुद्धा दोन वेळा कोणीतरी बघायला हवं. दिवाळी, मे महिना, अचानक जाहीर झालेली पावसाची सुट्टी: प्रत्येकीसमोर एक नाव, एक बदली नाव, दोघांची सही. ‘नेईल कोणीतरी पालक’ हे नाव नव्हे. त्या घरी कुत्रं-मांजर आहे का, मे महिन्यात ती मंडळी गावाला निघणार का, हेही विचारा. शिपाईमामांना तर गृहीत धरूच नका; सुट्टी त्यांनाही असते.

यादी झाली? मग प्राण्यांच्या शेल्टरला फोन. वय, दात, नसबंदी विचारा. मादीची नसबंदी झालेली हवीच, नाहीतर पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा. एकटा ससा कुढतो, एकमेकांची सवय असलेली जोडी मिळाली तर तीच घ्या. आयुष्य 8 ते 12 वर्षं, म्हणजे आजचे पाचवीतले कॉलेजात जातील तरी ससा इथेच. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. आणि टेकडीवर सापडलेलं रानसशाचं पिल्लू कोणी आणून दिलं तर ते ठेवायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे.

जागा तळमजल्यावर, घंटेपासून लांब. जोडीला साधारण 3 बाय 2 मीटर मोकळं कुंपण, खाली सतरंजी किंवा चटई. जाळीच्या तळानं पायांना जखमा होतात. वायरी उचलून घ्या, कुरतडणारच. पत्र्याचं छप्पर अजिबात नको. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सशाला 28 अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही. बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवा, कान ओल्या फडक्यानं पुसा, अंगावर पाणी ओतू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पंखा बंद, तेव्हा बाटल्या आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाका. आता हेच मे महिन्यात कोण करणार? परत यादी बघा.

खाणं म्हणजे मुख्यतः वाळलेलं गवत, चोवीस तास समोर. दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. टिमोथी नावाचं गवत महाग पडतं. फवारणी न केलेली हरळी वाळवूनही चालते. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम जास्त. कोथिंबीर, मुळ्याचा पाला मूठभर. गाजर म्हणजे खाऊ, एखादा काप. डब्यातली पोळी, बिस्किटं, कांदा बंद. ही पाटी कुंपणालाच लावा. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. वास घेऊन बघा, कुबट आलं की फेका. रात्रीच्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो, पोरं ‘ई’ करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

डॉक्टर आत्ताच शोधा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत. कुत्र्याच्या गोचिडांवरचं औषध फिप्रोनिल सशाला विषारी, तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिकही जिवावर बेतू शकतं. घरगुती डोकं चालवू नका. आणि रविवारी डॉक्टरांना फोन कोण करणार, ते यादीत आहे ना?

मुलांनी उचलायचं नाही, खाली बसून हात लावायचा. हवेत लाथ झाडली तरी सशाचा कणा मोडतो. कान धरून उचलणाऱ्याची पाळी रद्द.

गणपतीआधी मैदानावर ढोल-ताशांचा सराव असेल तर तेवढे दिवस ससे दुसरीकडे. दिवाळीत फटाके. तेही यादीत.

आणायच्या दिवशी: हवेशीर खोका, तळाला टॉवेल, सकाळची वेळ, शेल्टरमधलंच थोडं गवत सोबत. पहिले तीन दिवस हात लावायचा नाही. लेंड्या रोज बघा, हरभऱ्याएवढ्या आणि गोल हव्यात. आणायचं ते सोमवारी, शुक्रवारी नाही.