आम्ल-आम्लारी अभिक्रियेचे संतुलित आयनिक समीकरण कसे लिहावे

प्रथम अभिक्रियेचे नेहमीचे समीकरण लिहून ते संतुलित करावे आणि प्रत्येक पदार्थ स्थायू, द्रव, वायू की जलीय द्रावणाच्या रूपात आहे, याची नोंद त्याच वेळी करावी. ही नोंद गाळली, तर पुढचे निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात.

यानंतरची पायरी खरी कसोटीची आहे, ती म्हणजे कोणता पदार्थ आयनांत विभागून लिहायचा आणि कोणता अखंड ठेवायचा हे ठरवणे. पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होणारेच, म्हणजे ज्यांचे रेणू जवळजवळ सगळे आयनांत सुटे होतात असेच पदार्थ विभागावेत. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि परक्लोरिक ही तीव्र आम्ले, सोडिअम व पोटॅशिअम यांची हायड्रॉक्साइडे आणि विद्राव्य क्षार त्यांत येतात. पाणी, वायू, अविद्राव्य स्थायू आणि सौम्य आम्ले व आम्लारी मात्र अखंड ठेवावीत. ॲसेटिक आम्ल पाण्यात सहज विरघळते, म्हणून ते विभागण्याचा मोह होतो. पण त्याच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरांपैकी जेमतेम एक-दीड रेणूंचेच आयन झालेले असतात. विरघळणे आणि विचरण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक चुका हा फरक निसटल्यामुळेच होतात.

आता दोन्ही बाजूंना जसेच्या तसे राहिलेले प्रेक्षक आयन वगळावेत. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून सोडिअम व क्लोराइड आयन वगळले की एवढेच उरते:

हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी

नायट्रिक आम्ल आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेतले, तरी हेच समीकरण मिळते. म्हणूनच या दोन्ही जोड्यांच्या विरल द्रावणांत एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल इतकीच उष्णता बाहेर पडते. ॲसेटिक आम्ल घेतल्यास चित्र बदलते:

ॲसेटिक आम्ल + हायड्रॉक्साइड आयन → ॲसिटेट आयन + पाणी

अमोनियाच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले, तर पाणी तयार झाल्याचे दाखवण्याची गरजच नसते. अमोनियाचा रेणू हायड्रोजन आयन स्वीकारतो आणि अमोनिअम आयन तयार होतो. पाण्यात हायड्रोजन आयन सुटा राहत नाही, हे खरे आहे. त्याऐवजी हायड्रोनिअम आयन लिहायचा असेल, तर प्रत्येक हायड्रोनिअममागे उजव्या बाजूला पाण्याचा एक रेणू वाढवावा.

शेवटी अणूंची संख्या आणि एकूण प्रभार, दोन्ही तपासावेत. स्थायू मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडचे उदाहरण पाहा:

मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड + २ हायड्रोजन आयन → मॅग्नेशिअम आयन + २ पाणी

येथे दोन्ही बाजूंचा प्रभार +२ आहे. प्रभार शून्यच असावा असे नाही, तो दोन्हीकडे समान असला पाहिजे. तो जुळला नाही, तर सहगुणकांशी, म्हणजे पदार्थांपुढील संख्यांशी, खटपट करण्यापूर्वी विभागणीच्या पायरीकडे परत जावे, कारण एखाद्या आयनाचा प्रभार चुकीचा लिहिला गेल्याचे किंवा एखादा आयन एकाच बाजूने वगळल्याचे बहुधा तेथेच आढळते.