गोल्फचा फटका लांब कसा मारावा

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, कुणी ‘आता जरा लांब मारतो’ म्हणून उभं राहिलं की पुढचं दृश्य ठरलेलं असतं. ग्रिप आवळली जाते, खांदे ताठरतात, आणि वरून खाली येताना हात जिवाच्या आकांताने क्लब (गोल्फची काठी) चेंडूवर आदळतात. चेंडू उजवीकडे वळत जातो आणि नेहमीच्या फटक्यापेक्षाही अलीकडे पडतो.

चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात जोर लावायला, दिशा सुधारायला कुणालाच वाव नसतो. क्लबहेड (क्लबचं टोकाचं डोकं) किती वेगात आलं, फेसच्या (त्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) कुठल्या भागावर चेंडू लागला आणि क्लब वर जात होता की खाली, हे सगळं त्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. वेग वाढवण्याची पायरी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं.

पायरी १ : चेंडू फेसवर कुठे लागतो ते पाहा

पायाला मारायचा पावडरचा स्प्रे ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या) फेसवर हलकासा फवारा आणि फटका मारा. पांढऱ्या थरात चेंडूचा गोल ठसा उमटलेला दिसेल. तो बघा, पुसा, पुन्हा फवारा. असे दहा फटके मारलेत की चित्र स्पष्ट होतं. स्प्रे नसेल तर चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढा. तो फेसवर उमटतो.

यात किती यार्ड अडकलेले असतात ते बघा. समजा तुमच्या क्लबहेडचा वेग ताशी ९० मैल आहे. मधोमध लागलेला चेंडू त्याच्या साधारण १.४८ पट वेगाने, म्हणजे ताशी १३३ मैलांनी सुटतो. कडेला लागून हेच गुणोत्तर १.३८ वर घसरलं तर चेंडू १२४ मैलांनीच निघतो. हा फरक मैदानावर पंधरा ते वीस यार्डांचा आहे. तेवढीच भरपाई स्विंग जोरात करून करायची, तर क्लबहेड ताशी सहा मैल जास्त वेगाने फिरवावं लागेल, आणि त्यासाठी कित्येक महिने घाम गाळावा लागतो. लॉन्च मॉनिटरवर (फटक्याचा वेग वगैरे मोजणाऱ्या यंत्रावर) हे गुणोत्तर ‘स्मॅश फॅक्टर’ म्हणून दिसतं. ड्रायव्हरसाठी १.५ ही जवळपास कमाल समजा.

ठसे टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला पडत असतील तर चेंडू उजवीकडे वळायची प्रवृत्ती वाढते. टोकाकडे पडत असतील तर डावीकडे. खालच्या भागात लागलेला चेंडू जास्त फिरकी घेऊन हवेत फुगतो आणि पुढे सरकायच्या ऐवजी तिथेच पडतो. सर्वांत चांगली जागा म्हणजे मधोमध, किंवा त्याहून किंचित वर. ठसे सगळीकडे विखुरलेले असतील तर ग्रिप इंचभर खाली धरून पाहा. क्लब आखूड झाल्याने थोडा वेग जातो, पण मधोमध लागण्याचं प्रमाण वाढलं तर एकूण हिशेब बहुधा फायद्याचाच निघतो.

पायरी २ : पकड आणि उभं राहणं

डाव्या हाताची पकड बोटांमध्ये हवी, तळव्यात नको. क्लबचा दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका जातो आणि तळव्याची टाचेकडची गादी त्याच्यावर बसते. वरून खाली पाहिलंत तर डाव्या हाताची दोन ते तीन टेंगळं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर पकड कमजोर आहे. फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो आणि स्लाइस होतो, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जातो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तयार होणारा ‘व्ही’ दोन्ही हातांवर उजव्या खांद्याच्या दिशेला असू द्या.

पकडीचा जोर किती, याचं एक साधं माप आहे. चेंडूमागे उभे असताना क्लब मनगटांतून हलकेच इकडेतिकडे हलवा. क्लबहेडचं वजन जाणवलं तर ठीक. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग ताठ झाला असेल तर सैल करा, कारण तिथे ताठरपणा आला की मनगटं वेळेवर सुटत नाहीत.

ड्रायव्हरसाठी पाय खांद्यांहून किंचित रुंद ठेवा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत. टी (चेंडू ज्यावर ठेवतात ती खुंटी) इतकी उंच की क्लब जमिनीवर टेकवल्यावर चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबच्या वर दिसेल. उजवा हात पकडीत डाव्याच्या खाली असतो, त्यामुळे उजवा खांदाही डाव्यापेक्षा खाली हवा आणि पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित मागे कललेला. बरेच जण खांदे सपाट करून उभे राहतात आणि पायरी ५ तिथेच अवघड करून ठेवतात.

पायरी ३ : वळा, नुसते हात उचलू नका

बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे-वर नेताना, खांदे साधारण ९० अंश आणि कंबर ४५ अंश वळते, असं पुस्तकी माप. वर पोहोचल्यावर तुमची पाठ लक्ष्याकडे असेल आणि डावा खांदा हनुवटीखाली आला असेल, तर तेवढं पुरे. डावा हात लांब ठेवा, पण लाकडासारखा कडक नको.

‘कंबर घट्ट धरा, फक्त खांदे फिरवा, म्हणजे पीळ बसेल’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. लवचीक तरुण खेळाडूला तो चालेल. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने तो मानला तर पीळ बसतो तो कमरेच्या मणक्यांना. त्यापेक्षा कंबर मोकळेपणी वळू द्या, उजवा गुडघा थोडा सरळ झाला तर होऊ द्या, उजव्या पायाची बोटं जराशी बाहेर वळवून उभे राहा. डावी टाच उचलली गेली तरी बिघडत नाही. १८ मेजर स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निकलॉस यांची डावी टाच ड्रायव्हर मारताना उचललेली दिसायची.

शरीर वळायचं थांबल्यावरही हात वर जात राहिले तर ती लांबी खोटी आहे. कोपर वाकतं, क्लब मानेमागे लोंबतो, वेग तसूभर वाढत नाही. शरीर थांबलं की हातही थांबू द्या.

पायरी ४ : खाली येताना सुरुवात पायांनी करा

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून या पायरीला घाई करू नका.

चांगल्या स्विंगमध्ये वेग खालून वर चढत जातो. आधी कंबर लक्ष्याकडे वळायला लागते, मग छाती, मग हात, आणि सगळ्यात शेवटी क्लबहेड. प्रत्येक भाग आपला वेग गाठून मंदावतो आणि पुढच्याला वेग देऊन जातो. गोफणीत हात फार वेगाने फिरत नाही, टोकाचा दगड मात्र सणसणत सुटतो, तोच प्रकार. वरून येताना हात आणि खांदे आधी निघाले की ही साखळी तुटते. मनगटांतला कोन लगेच उघडतो, क्लबहेडचा सर्वाधिक वेग चेंडूच्या बराच आधी खर्ची पडतो, आणि क्लब बाहेरून आत येत चेंडूला चाटून जातो. जोर जाणे आणि स्लाइस होणे ही दोन दुखणी बहुधा एकत्रच का भेटतात, त्याचं कारण हे.

डाव्या पायावर भार जायला कधी लागतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. चांगल्या खेळाडूंचा क्लब अजून मागे जात असतानाच तो भार पुढे सरकायला लागलेला असतो. म्हणजे वरचं शरीर मागे जातंय आणि खालचं पुढे निघालंय, असा एक क्षण असतो. ताण तयार होतो तो तिथे. वर पोहोचून, थांबून, मग विचार करून पाय हलवायचे म्हटलं तर वेळ मिळत नाही. डाउनस्विंग, म्हणजे क्लबचं खाली येणं, अवघा पाव सेकंदाचा.

विचाराने जमत नाही ते सरावाने जमतं. सात नंबरचा आयर्न (ड्रायव्हरपेक्षा आखूड, पातळ धातूच्या डोक्याचा क्लब) घ्या आणि दोन्ही पाय जुळवून उभे राहा. चेंडू नको. क्लब मागे न्यायला लागा आणि तो खांद्याच्या उंचीवर जात असतानाच डाव्या पायाने लक्ष्याकडे एक पाऊल टाका. पाऊल जमिनीवर टेकलं की मग स्विंग करा. पहिले काही प्रयत्न अगदी बेंगरूळ होतील: पाऊल उशिरा पडेल किंवा हात त्याच्यासोबतच खाली येतील. ताल सापडला की क्लब आपोआप मागे राहिल्यासारखा वाटतो, आणि तेच हवं आहे. मग कमी उंचीच्या टीवर चेंडू ठेवून निम्म्या वेगात करा. त्यानंतर नेहमीसारखे पाय ठेवून, पाऊल न उचलता, फक्त तीच भावना घेऊन मारा.

दुसरा सराव कानांचा. ड्रायव्हर उलटा करा, क्लबहेडजवळचा शाफ्ट धरा आणि हवेत जोरात फिरवा. ‘सूं’ असा आवाज येईल. तो कुठे येतो याकडे लक्ष द्या. उजव्या खांद्यापाशी आला तर वेग फार लवकर उधळला. आवाज चेंडूच्या जागेवर किंवा त्याच्या जरा पुढे, डाव्या बाजूला यायला हवा. पाचेक वेळा असं करून लगेच क्लब सुलटा धरून एक चेंडू मारा. आरशापुढे तासभर उभं राहून जे कळत नाही ते या आवाजाने कळतं.

पायरी ५ : डाव्या पायाने जमिनीला रेटा द्या आणि चेंडू वर जाताना मारा

डाउनस्विंगच्या सुरुवातीला गुडघे किंचित वाकतात, जणू उडी मारायच्या तयारीत आहोत. मग चेंडूपर्यंत येता येता डावा पाय सरळ होत जमिनीला दाबतो. त्या रेट्याने डावी कंबर मागे आणि वर जाते, शरीर वळतं आणि क्लबहेड पुढे भिरकावलं जातं. डाव्या पावलाची बोटं २० ते ३० अंश लक्ष्याकडे वळवलेली असली तर गुडघ्यावर पीळ कमी येतो.

ड्रायव्हरने चेंडू मारताना क्लब थोडा वर चाललेला असावा. ताशी ९० मैल वेगाच्या खेळाडूने पाच अंश खाली मारण्याऐवजी पाच अंश वर मारलं तर त्याच वेगात वीसेक यार्ड जास्त मिळू शकतात, कारण चेंडू उंच सुटतो आणि फिरकी कमी लागते. सरावासाठी चेंडूच्या साधारण फूटभर पुढे, लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूंचं रिकामं खोकं ठेवा आणि त्याला स्पर्श न होता मारा. डोकं चेंडूच्या मागे राहिलं तरच हे जमतं. आयर्नला मात्र हे करू नका. जमिनीवरचा चेंडू खाली येत्या क्लबनेच मारायचा असतो.

पायरी ६ : आता वेग वाढवा

ठसे एका जागी पडू लागले आणि क्रम जमू लागला की मग जोरात फिरवायला शिका. आठवड्यातून दोन-तीनदा, अंग चांगलं गरम करून, चेंडूशिवाय हलका दांडा जमेल तितक्या वेगाने फिरवा. चेंडू नसला की शरीर अचूकतेची काळजी सोडतं. प्रत्येक फेरीत पाच-सहा स्विंग, मध्ये पुरेशी विश्रांती. दमल्यावर केलेले स्विंग शरीराला हळूच फिरायला शिकवतात. काही स्विंग उलट्या बाजूनेही करा, पाठीचा तोल राहतो. पाठ दुखत असेल तर ही पायरी सोडून आधी डॉक्टरांना भेटा. वेग मोजणारा छोटा रडार मिळाला तर उत्तम, कारण ‘आज जोरात गेला’ हे वाटणं फार फसवं असतं.

व्यायामशाळेत स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि मेडिसिन बॉल कमरेतून बाजूला फेकणे या तीन गोष्टी कामाच्या. गोल्फपटू ब्रायसन डिशाम्बो यांनी शरीर भरून २०२० ची यूएस ओपन जिंकली, तेव्हा वजन वाढवायची लाटच आली होती. पण रॉरी मॅकिलरॉय यांची उंची जेमतेम पावणेसहा फूट, आणि तरीही ते सर्वांत लांब मारणाऱ्यांत मोडतात. माइक ऑस्टिन यांनी १९७४ मध्ये लास वेगासला ५१५ यार्डांचा फटका मारला, तोही लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने. पाठीला जोरदार वारा होता हे खरं, पण त्यांचं वय होतं ६४.

सामन्यात मात्र यातलं काही आठवू नका. चेंडू जमिनीवर पडेपर्यंत फॉलो-थ्रूमध्ये (फटक्यानंतरच्या स्थितीत) तोल सांभाळून उभं राहता येईल, एवढ्या जोरात मारा. पाऊल लटपटलं तर पुढच्या टीवर थोडं हळू.

क्लबबद्दल थोडं

लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) कमी म्हणजे खेळाडू मोठा, या समजुतीपायी ताशी ८५ मैलांनी फिरवणारे लोक नऊ अंशांचा ड्रायव्हर घेऊन हिंडतात. त्यांना साडेदहा ते बारा अंश बहुधा जास्त लांब नेतील. लांब शाफ्टचा मोहही तसाच. लांबीमुळे वेग थोडा वाढतो, मधोमध लागणं कमी होतं. क्लबचं माप करून घ्यायचं असेल तर वरचे बदल अंगात मुरल्यावर घ्या, नाहीतर नवा महागडा ड्रायव्हर तुमच्या जुन्या स्विंगच्या मापाचा निघेल.